नाकेदारांचा नेम

"हात पुढे करा, गुरुजी. उजवा."

भर रस्त्यात असं कोणी म्हणालं तर तुम्ही काय कराल? मी मुकाट्यानं हात पुढे केला. तळहातावर कुंकवानं माखलेले तांदळाचे दाणे पडले आणि समोरचे गृहस्थ म्हणाले, "मूठ झाका. आता पुरं होईस्तोवर हलायचं नाही. मधी मधी 'हं' म्हणत राहायचं."

इथे देऊळ नव्हतं, ओटाही नव्हता. नांदुऱ्याहून वडनेर भोलजीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा तो जकात नाका होता. एक पत्र्याची खोली, रस्त्यावर आडवा बांबू, बांबूच्या बुडाशी दोरीनं बांधलेला धोंडा. बांबूच्या पलीकडे गवताची गाडी थांबलेली. या गृहस्थांनी, म्हणजे नाकेदारांनी, तिची पावती आधीच फाडली होती, बांबूही वर केला होता, त्यामुळे गाडीवान निघून गेला आणि अडकलो एकटा मी. त्यांनी खिशातून घडी घातलेले कागद काढले, घसा साफ केला आणि वाचायला लागले, "स्थळ, स्वयंपाकघर. वेळ, सकाळची. तो आंघोळ करून येतो. ती चुलीपाशी."

मी वडनेरच्या शाळेत मास्तर होतो. महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. आमच्या शाळेच्या शिक्क्यावर अजून जुनंच राज्य चालू होतं. माझं गाव दुसरबीड, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथून नांदुऱ्याला यायचं म्हणजे गाड्या बदलता बदलता अंगाचं पिठलं व्हायचं, म्हणून मी सणावारीच घरी जाई. नांदुऱ्यात एका घराचा अर्धा भाग भाड्यानं घेतला होता. दुसऱ्या अर्ध्यात हे नाकेदार. मधली भिंत कुडाची, वरून माती लिंपलेली. इकडे शिंक आली तर तिकडून "जीते रहो" ऐकू यायचं.

त्यांच्याविषयी मला जे कळलं ते असंच तुकड्यातुकड्यानं, बरंचसं त्या भिंतीतून.

त्यांची बायको आदल्या वर्षी श्रावणात गेली होती. तिचा चातुर्मासाचा नेम होता, रोज जेवणाआधी कहाणी सांगायची. तुमच्या घरात कोणी केला असेल तर ठाऊक असेलच, कहाणी एकट्यानं सांगून चालत नाही. अक्षता हातात घेऊन ऐकणारं माणूस समोर लागतं. लेक लग्न होऊन अकोल्याला गेलेली, मग ऐकायला कोण? नाकेदार. दुपारी नाक्यावरून भुकेले घरी यायचे, मूठ झाकून पाटावर बसायचे आणि पहिल्या वाक्यापासून खोड्या काढायचे. राजाला एवढीही अक्कल नव्हती का? राणीनं विचारलं का नाही? ती म्हणायची, "कहाणीत बोट नका घालू." हे घालायचे. मग दोघांचं भांडण व्हायचं, भात थंड व्हायचा आणि शेवटी ती हसायची.

नेम तिनं काही वर्षांचा बोलला होता आणि पुरा व्हायला एकच चातुर्मास उरला होता. भटजी म्हणाले, अर्धा राहू देऊ नये, घरातल्या कोणीही पुरा केला तरी चालतो. तेव्हा नाकेदारांनी कहाण्यांचं पुस्तक काढलं आणि वाचून पाहिलं.

"जमलं नाही, गुरुजी," ते मला सांगत होते. "मी वाचलं का पावती वाचल्यासारखं होते. गूळ एक ढेप, तेल एक पिंप. तिच्या तोंडी असं नव्हतं."

म्हणून त्यांनी भटजींना विचारून नेम बदलून घेतला. तरुणपणी ते गावच्या नाटक मंडळीत होते, तेही स्त्रीपार्टी. अजून चालताना एक खांदा किंचित पुढे असायचा. पदर सावरायची सवय हो, दुसरं काय. त्यांनी ठरवलं, रोज एक छोटं नाटुकलं लिहायचं, दोनच माणसांचं. अक्षता देऊन कोणाला तरी ऐकवायचं आणि मगच जेवायचं. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत खंड पडू द्यायचा नाही.

आणि रोज लिहायचं कशावर? याचं उत्तर त्यांना नाक्यानंच दिलं. संध्याकाळी कामावरून उठायच्या आधी बांबूखालून जी शेवटची वस्तू गावात येईल तो दुसऱ्या दिवसाचा विषय. मडकी आली, मडक्यांवर. कडबा आला, कडब्यावर. निवडायचं नाही, कुरकुरायचं नाही. "जे येईल ते गोड मानायचं," असं ते म्हणत. पण एकदा शेवटी मेलेल्या म्हशीचं कातडं आलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्या रात्री भिंतीपलीकडून बराच वेळ नुसते उसासे येत होते.

लिहिताना ते दोन्ही आवाज काढून पाहत. मी इकडे वह्या तपासत बसलेलो असे. आधी त्यांचा स्वतःचा घोगरा आवाज, "काऊन वं, हे मडकं गयते वाटते." मग थोडा वेळ काहीच नाही. मग एक नाजूक, सुरेल, नाटकातल्या नायिकेचा आवाज, "इश्श, भरतानाच पाहायचं नं." मग कागद चुरगळल्याचा आवाज. पुन्हा तोच घोगरा, पुन्हा तोच नाजूक. मला सुरुवातीला फार हसू यायचं. पुढे पुढे येईना.

लिहिणं एक वेळ जमून जाई. ऐकणारा मिळवणं कठीण. सकाळी सकाळी नाक्यावर येणाऱ्या माणसाला काय घाई नसते? भाजीवाला म्हणायचा, बाबूजी, मेथी कोमेजते. दूधवाला म्हणायचा, दूध नासते. एसटीचा ड्रायव्हर त्यांना लांबून पाहूनच हॉर्न वाजवायचा. एकदा एका ट्रकवाल्या सरदारजींच्या हातावर त्यांनी अक्षता ठेवल्या. सरदारजींनी त्या भक्तिभावानं तोंडात टाकल्या आणि प्रसाद गोड का नाही म्हणून विचारलं. रेल्वे फाटकावरच्या माणसाला पकडलं, तर प्रवेश रंगात आला असताना मालगाडी आली आणि निम्मं नाटक डब्यांच्या खडखडाटात गेलं. तेवढ्यानं नेम पुरा झाला की नाही, यावर त्यांनी दिवसभर विचार केला आणि संध्याकाळी मला पुन्हा सगळं ऐकवूनच भाकर खाल्ली.

कोणीच नाही मिळालं की मी होतोच. म्हणजे बहुतेक दिवस मीच. वडनेरच्या गाडीची वाट पाहत नाक्याच्या पायरीवर बसायचो, मूठ झाकायचो, हं हं करायचो आणि शेवटी "छान" म्हणायचो.

"गुरुजी," एकदा ते म्हणाले, "तुम्ही वही तपासल्यासारखं ऐकता. खाली लाल सही करता आणि उठता."

"मग काय करू?"

"भांडा."

आता ज्या माणसानं आपल्याला ऐकवायचं म्हणून सकाळपासून घोटभर चहाही घेतलेला नाही, त्याच्याशी भांडायचं कसं? शिवाय मी पडलो सडाफटिंग. चुलीपाशी नवराबायको काय बोलतात ते मला दाराआडून ऐकूनच माहीत. मी म्हटलं, "मला त्यातलं कळत नाही, बाबूजी." ते म्हणाले, "हं." माझ्या 'हं'सारखाच 'हं'.

भाद्रपदात मूग-उडदाच्या गाड्या सुरू झाल्या आणि त्यांचं नशीब एकदम फिरलं.

झालं असं की वडनेरकडच्या एका शेतकऱ्याला त्यांनी अक्षता देऊन बसवलं. बिचारा भिडस्त होता, बसला. त्या दिवशी बाजारात त्याच्या मुगाला आजूबाजूच्यांपेक्षा बरा भाव लागला. मूग चांगला वाळवलेला असेल, निवडलेला असेल. पण परत जाताना तो नाक्यावर उतरला आणि पत्र्याच्या खोलीला हात जोडून गेला. झालं. दुसऱ्या दिवशी त्याचा चुलतभाऊ आला, तिसऱ्या दिवशी साडू. नाकेदाराची कहाणी ऐकून गेलं की भाव चांगला लागते, अशी बोलवा सगळ्या वाटेवर पसरली. सकाळी मी गाडीला जाई तेव्हा बांबूच्या पलीकडे बैलगाड्यांची रांग आणि लोक स्वतःहून उजवा हात पुढे करून उभे. नाकेदार डबीतून अक्षता वाटताहेत. त्यांच्या घरातले तांदूळ संपत आले.

काय खुशीत होते ते तेव्हा! कोट धुऊन घेतला. मिशा कातरल्या. भिंतीपलीकडे शिटी ऐकू येऊ लागली. "गुरुजी, आज पाह्यलं का? झाडाखाली बी बसले होते लोक. मंडळीच्या नाटकाले बी एवढे नसत."

मलाही बरं वाटलं. खरं सांगायचं तर सुटका झाल्यासारखं वाटलं.

पण आठवडाभरात शिटी बंद झाली. सकाळी बघितलं तर लोक तेवढेच, अक्षताही तशाच, पण वाचताना त्यांचा आवाज दरवेळी एका जागी येऊन अडखळायचा. पुढे माझ्या लक्षात आलं, ती जागा विनोदाची असे. ते तिथे क्षणभर थांबत, वर पाहत. समोर सगळे डोळे मिटून बसलेले, मुठी छातीशी. देवाच्या कामात हसायचं कसं? एक पोरगेलासा गाडीवान चुकून फिसकन हसला, तर शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याच्या मांडीला चिमटा काढला, "चूप बे. भाव पाडतं का?"

मग एका सकाळी नाकेदारांनी जे केलं ते मी विसरणार नाही. त्यांनी नेहमीप्रमाणे अक्षता वाटल्या. नेहमीप्रमाणे घसा साफ केला. आणि खोलीच्या भिंतीवर टांगलेलं जकातीचं दरपत्रक काढून ते वाचायला लागले. गूळ, साखर, खोबरं. सरकी आणि सरकीची ढेप. लोखंडी सामान, नवं आणि जुनं. खिळे. चुना. इमारती लाकूड, जळाऊ लाकूड. संथ, गंभीर सुरात, मधूनमधून थांबत. आणि समोरची मंडळी "हं" म्हणत होती! चुन्याला हं, खिळ्यांना हं. वाचून झाल्यावर सगळ्यांनी अक्षता पत्र्याच्या दारावर वाहिल्या, डोकं टेकवलं आणि एकानं अदबीनं विचारलं, "बाबूजी, तीर्थ हाय का?"

त्यांनी माठातलं पाणी पळीनं सगळ्यांच्या हातावर दिलं.

मी तोंडावर रुमाल धरून हसत होतो. गाड्या गेल्या. ते पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसले आणि दरपत्रक मांडीवर ठेवून त्यावरची धूळ पुसत राहिले. हसले नाहीत. मग मीही थांबलो.

"आजचं नाटुकलं राह्यलं ऐकवायचं," ते म्हणाले. "बसता का?"

मी बसलो. माझी गाडी समोरून निघून गेली. शाळेत उशीर झाला, हेडमास्तरांनी ऐकवलंही.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी ती बाई आली. वडनेरची मिरची विकणारी, वय साठीकडे झुकलेलं, कपाळावर भलं मोठं कुंकू. नवरा गाडी हाकत होता. हा नवरा मुका नव्हता, पण बोलत नसे. पावती घेताना नाकेदारांनी त्याला नाव विचारलं तर त्यानं बायकोकडे पाहिलं आणि तिनं सांगितलं. "ह्यायच्या वाटचं बी मीच बोलते," ती म्हणाली. "लगनापासून. हे नुस्ते पाह्यतात, मी समजते."

रांगेतल्या सगळ्यांबरोबर तीही अक्षता घेऊन बसली. आदल्या संध्याकाळी शेवटी मिठाची पोती आली होती. नाटुकलं असं की तो जेवायला बसतो आणि म्हणतो, वरणात मीठ कमी आहे. त्यावर ती म्हणते (नाकेदारांनी तो नाजूक आवाज काढला), "चुकलंच माझं. उद्यापासून चाखून पाहीन."

"असं कोणती बाई म्हन्ते जी?" मिरचीवाली मोठ्यानं म्हणाली.

सगळ्यांनी डोळे उघडले. चिमटा काढणारा म्हातारा तिच्यापासून लांब बसला होता, म्हणून बरं. नाकेदारांचा हात कागदासकट तसाच वर राहिला.

"मंग काय म्हन्ते?"

"म्हन्ते, काल जास्त झालं तवा चूप खाल्लं, अन् आज कमी झालं त तोंड फुटलं."

नाकेदारांनी कागद खाली घेतला. मग हळूच पायरीवर बसले. "हेच," ते म्हणाले. "असंच म्हणायची ते. असंच." आणि त्यांनी खिशातून पेन्सिल काढून तिथल्या तिथे वाक्य बदललं. मागच्या गाड्यांचे बैल फुरफुरत होते, लोक कुजबुजत होते, कहाणीत बोट घातलं म्हणून आता भाव जातो की काय. भाव खरंच गेला असावा, कारण त्यानंतर रांग हळूहळू ओसरली. नाकेदारांना त्याचं काही वाटलं नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी भिंतीवर बुक्की मारून मला बोलावलं. चूल पेटवलेली नव्हती. कंदील मात्र लावला होता.

"गुरुजी, कोणाले सांगू नका. मले तिचं बोलणं आठवून नाही राह्यलं. आवाज आठवते. शब्द नाही. मी लिहाले बसतो अन् तिच्या तोंडून बी मीच बोलतो. नाटकातली बाई बोलते. ते नाही बोलत. वाटलं होतं, रोज लिहीन त रोज बोलंन ते माह्याशी. पण एवढ्या दिवसांत एकदाच बोलली. आज. अन् ते बी त्या मिरचीवालीच्या तोंडून."

मी त्यांची चूल पेटवली आणि खिचडी टाकली. जेवताना त्यांनी न विचारता माझ्या ताटात आणखी वाढली. घरी दुसरबीडला माझी आई असंच न विचारता ताटात वाढायची, आणि त्या घासाला मला तिची इतकी आठवण आली की मी पाणी प्यायचं निमित्त करून उठलो.

मिरचीवाली बाजाराच्या दिवशी येत राहिली. गाडी बाजूला लावायची, पदर खोचून पायरीवर बसायची आणि नाकेदारांचं काही एक चालू द्यायची नाही. "हे नाही म्हनत बाई. एवढी साखर कोन बोलते घरच्या मानसाशी?" किंवा, "इथं ते काईच नाही बोलत. इथं ते भांडं आपटते." नाकेदार लिहून घेत, "ती भांडं आपटते." मग विचारत, "मोठ्यानं का हळू?" ती नवऱ्याकडे बघायची, विचार करायची आणि म्हणायची, "पाहुणे असले त हळू." तो न बोलणारा नवरा बैलांच्या पाठीवरून हात फिरवत उभा असे, आणि एकदा मी त्याला गालातल्या गालात हसताना पाहिलं.

बाकीच्या दिवसांची नाटुकली नाकेदार तिच्यासाठी साठवून ठेवत. रोजचं नाटुकलं मला ऐकवून नेम पाळत, पण मनातून वाट बाजाराच्या दिवसाची. भिंतीपलीकडचा नाजूक आवाज हळूहळू येईनासा झाला. आता तिथे नुसता त्यांचा घोगरा आवाज यायचा आणि मध्ये काहीच नाही. मला वाटलं, दमले असतील. चार महिने रोज लिहायचं म्हणजे गंमत नाही.

कार्तिकी एकादशीचा उपास झाला आणि द्वादशीला उद्यापन ठेवलं. उद्यापनाला मेहूण जेवायला घालावं लागतं, नवराबायकोचं जोडपं. भटजींनी गल्लीतलं एक प्रतिष्ठित जोडपं सुचवलं. नाकेदार म्हणाले, "मेहूण येऊन राह्यलं वडनेरहून." भटजींनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

ती दोघं आली. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि त्यानं टोपी धुऊन घातली होती, ती अजून थोडी ओली होती. पूजा आटोपून भटजी पुढच्या घरी तुळशीच्या लग्नाला गेले. पुरणपोळ्या शेजारणीनं करून दिल्या होत्या. पानं मांडलेली. जेवणाआधी शेवटचं नाटुकलं. आम्ही तिघं पाटावर, मुठी झाकून. आदल्या संध्याकाळी नाक्यावरून शेवटी छत्र्यांचा गठ्ठा आला होता. पावसाळा संपल्यावर कोण्या दुकानदारानं स्वस्तात उचललेला.

नाकेदार उभे राहिले. या वेळी घसा साफ केला नाही.

"अवं, माही छत्री कुठी हाय?" त्यांनी वाचलं.

आणि थांबले. मी वाट पाहिली. ते कागदाकडे न पाहता चुलीकडे पाहत होते. मग म्हणाले,

"तिथं पाह्यली."

पुन्हा थांबले. या वेळी थोडं जास्त. मी मान उंचावून कागदाकडे पाहिलं. त्यांच्या वाक्यांच्या मध्ये जागा कोरी सोडलेली होती. तिच्या जागी काहीच लिहिलेलं नव्हतं.

"दोनदा पाह्यली, बावा. डोये काय नाही का मले?"

शांतता. चुलीत एक लाकूड तडकलं. मिरचीवाली पुढे झुकली होती.

"बरं, बरं. पाहतो पुन्हा. ओरडू नको."

ते दोन पावलं चालले, दाराआड वाकले, खुंटीकडे हात नेला. मग हात तसाच ठेवून, एकदम पडलेल्या आवाजात,

"हाय. इथंच हाय."

आणि शांतता. बोलणार तरी कोण? पण मिरचीवाली बाई हसली. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग मूठ तोंडाशी धरून ती खदखदून हसली. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसणं थांबेना. शेजारी बसलेल्या नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं आणि तोही मान खाली घालून हसायला लागला.

नाकेदार दारापाशी उभेच.

"ऐकू आलं तुमाले?" त्यांनी विचारलं.

"हाव," डोळे पुसत ती म्हणाली. "आलं ना."

त्यांनी कागदावर नजर टाकली. पुढचं वाक्य तिथे आधीच लिहिलेलं होतं. ते वाचायला त्यांना वेळ लागला. "हास, हास," त्यांनी वाचलं. "तुले तेच पाह्यजे होतं." तेवढंच नाटक होतं. त्यांनी कागदाची घडी घालून देव्हाऱ्यात ठेवली, मेहुणाच्या पाया पडले आणि आम्हाला पोळ्यांवर तूप वाढलं. स्वतः दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

त्यानंतर त्यांनी लिहिलं नाही. कोणाच्या हातावर तांदूळ ठेवले नाहीत. पण संध्याकाळी वह्या तपासताना भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा. एक वाक्य. मग थोडा वेळ काही नाही. मग दुसरं. "झोपतो आता, डोयाले लागते कंदील." मध्ये थोडा वेळ. "बरं, तू म्हणशीन तसं." मी टाक लाल शाईत बुडवून तसाच बसून राहायचो. त्या मधल्या वेळात मला कधी काही ऐकू आलं नाही, तरी तो वेळ मोडू नये म्हणून मी खोकलाही आवरून धरी.

उन्हाळ्यात त्यांची नोकरी पुरी झाली आणि लेकीनं अकोल्याला नेलं. जाताना एक वळकटी आणि एक पेटी, एवढंच सामान. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडी सुटताना म्हणाले, "लगन करा, गुरुजी." मी हसलो. दोन वर्षांनी ते अकोल्यालाच वारल्याचं कळलं. तोवर मी तिथेच होतो, आणि शेजारचा अर्धा भाग पुन्हा रिकामा होता. भाडेकरू टिकत नव्हते.

ज्या दिवशी कळलं त्या संध्याकाळी मी भाकर टाकली, ती करपली. एकट्यानं करणाऱ्याची करपतेच. ताट घेऊन भिंतीपाशी बसलो. पहिला घास तोंडात घालण्याआधी मोठ्यानं म्हणालो, "बाबूजी, आज भाकर करपली."

आणि उत्तराला लागेल तेवढा वेळ थांबलो.